सस्तन प्राण्यांचे कृत्तक
एकाच पूर्वज प्राण्यापासून लैंगिक संयोगाशिवाय निर्माण झालेल्या व केंद्रकीय जीनांच्या दृष्टीने त्याच्याशी समान असलेल्या जीवाला ‘कृत्तक’ किंवा ‘क्लोन’ असे म्हणतात. सस्तन प्राण्यांत तो मिळविण्यासाठी अंडकोशिकेतील गुणसूत्रे काढून टाकून तिच्यात शरीरकोशिकेचे केंद्रक बसवितात व तयार झालेला भ्रूण दुसऱ्या मादीच्या गर्भाशयात वाढवितात.

या प्रयोगांमागील मूळ प्रश्न असा होता : त्वचेची किंवा आतड्याची विशेषित कोशिका बनल्यावर तिच्या केंद्रकातील संपूर्ण प्राणी घडविण्याची क्षमता नष्ट होते की केवळ सुप्त राहते? १९३८ मध्ये हान्स श्पेमान यांनी केंद्रक-रोपणाची कल्पना मांडली. रॉबर्ट ब्रिग्ज व टॉमस किंग यांनी १९५२ मध्ये बेडकाच्या भ्रूणकोशिकांची केंद्रके वापरून ती यशस्वी केली. जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये भैकेरांच्या (बेडकाच्या डिंभांच्या) आतड्यातील केंद्रकांपासूनही वाढ होऊ शकते, असे दाखविले.

सस्तन प्राण्यांचे अंड सु. ०·१ मिमी. व्यासाचे, म्हणजे बेडकाच्या अंडाहून पुष्कळच लहान असल्याने काम अवघड होते. जेम्स मॅग्रा व डाव्होर सोल्टर यांनी १९८४ मध्ये उंदरांवरील अपयशांवरून असे कृत्तक जैव दृष्ट्या अशक्य असल्याचा निष्कर्ष काढला. मात्र त्यांनी फलित अंडे वापरली होती. १९८६ मध्ये स्टीन व्हिलाडसेन यांनी अफलित अंडांत भ्रूणकोशिकांची केंद्रके घालून कोकरे मिळविली. केंद्रकाला पूर्वावस्थेत आणणारे घटक अफलित अंडाच्या कोशिकाद्रव्यात असतात, हे त्यावरून सूचित झाले.

स्कॉटलंडमधील रॉझलिन इन्स्टिट्यूटमध्ये ईअन विल्मट, कीथ कँबेल व त्यांचे सहकारी यांनी सहा वर्षांच्या फिन डॉर्सेट मेंढीच्या स्तनग्रंथीच्या कोशिका अल्प पोषणावर ठेवून त्यांचे विभाजन थांबविले. त्यामुळे केंद्रक व अंड यांच्या अवस्थांचा मेळ बसला. विद्युत्‌ स्पंदाने दोहोंचा संयोग घडविला. अशा २७७ संयोगांतून २९ भ्रूण पुढील अवस्थेस पोहोचले. ते १३ मेंढ्यांत रोपण केल्यावर ५ जुलै १९९६ रोजी ‘डॉली’ हे एकच कोकरू जन्मले. काळ्या तोंडाच्या मेंढीपोटी आलेले हे कोकरू पांढऱ्या तोंडाचे होते. तथापि तिची कलकणू-जीनद्रव्ये अंडदात्या मेंढीची होती. म्हणजे कृत्तक ही सर्वांशी प्रतिकृती नव्हे.

पुढे उंदीर, गाय इत्यादींचे कृत्तक तयार झाले. कर्नाल येथील राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत फेब्रुवारी २००९ मध्ये म्हशीचे कृत्तक रेडकू जन्मले, पण ते थोड्याच दिवसांत मेले. २०१८ मध्ये चीनमध्ये गर्भकोशिकांपासून माकडांचे कृत्तक जन्मल्याचे जाहीर झाले. गर्भपात, अतिभारी पिले व जन्मानंतरचे मृत्यू यांचे प्रमाण या तंत्रात नैसर्गिक प्रजननापेक्षा अधिक असते. केंद्रकाची क्षमता नष्ट होत नाही, हे सिद्ध झाले. ती जागृत करण्याची क्रिया मात्र बहुधा अपुरीच राहते. मानवी कृत्तकनिर्मितीवरील मुख्य आक्षेपांपैकी एक याच अपुरेपणावर आधारलेला आहे.