विकासविलंब व अध्ययन अक्षमता (बालकांतील भेद)

विकासविलंब : बसणे, चालणे, बोलणे, वस्तू हाताळणे, माणसांत मिसळणे हे टप्पे समवयस्कांपेक्षा बरेच उशिरा गाठणे. दोन वा अधिक क्षेत्रांतील विलंबास सार्वत्रिक म्हणतात. ‘सार्वत्रिक विलंब’ ही संज्ञा पाच वर्षांखालील मुलांपुरतीच आहे. अध्ययन अक्षमता : बुद्धी, दृष्टी, श्रवण व शिकवणे पुरेसे असूनही वाचन, लेखन वा गणित न साधणे. ही संज्ञा सॅम्युअल कर्क यांनी १९६३ मध्ये रूढ केली.

मापन : विलंबासाठी प्रमिला फाटक यांची बडोद्यातील बालकांवर प्रमाणित केलेली विकासश्रेणी (‘डासी’, सुधारित आवृत्ती १९९७) आजही आधारभूत आहे. तीत कारक विकासाच्या ६७ व मानसिक विकासाच्या १६३ बाबी असून ती ३० महिन्यांपर्यंत चालते. अक्षमतेचे प्रमाणपत्र मात्र २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी आठव्या वर्षापासून ठरवले होते. फेरतपासणी १४ व १८ व्या वर्षी. मधली पाच ते आठ ही वर्षे निदानाला अडचणीची. या वयात ‘मूल आळशी आहे’ हा शेरा सहज मिळतो. तो निदान नव्हे. विलंब असलेल्या किती मुलांत पुढे अक्षमता आढळते, याविषयी एकमत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या (२०१३, प्रारंभ पालघर येथे) यादीत दोन्ही एकाच गटात येतात. दोहोंतील गोंधळ काहीसा तेथूनही वाढतो.

बहुभाषिकता व निदान (उदाहरण इंदूर) : येथील मराठी घरांतील मूल अनेकदा घरी मराठी, गल्लीत हिंदी व शाळेत हिंदी किंवा इंग्रजी ऐकते. लिपी एक, लेखनाचे नियम दोन. मराठीत ‘कवी’, हिंदीत ‘कवि’. प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही, म्हणून ‘शाळा’चे ‘शाला’ होते. अशा चुका अक्षमतेत मोजू नयेत. ‘घ-ध’, ‘भ-म’ यांची अदलाबदल तिसरीनंतरही टिकली आणि वाचनही अडखळत असेल, तर तपासणी करावी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची ‘डाली’ चाचणी (२०१५) हिंदी व मराठी दोन्हींत असल्याने अशा मुलाची दोन्ही भाषांत चाचणी घेता येते. एकाच भाषेतील निकालावर विसंबणे गैर.

उपचार : विलंबात लवकर सुरू केलेली वाचोपचार, व्यवसायोपचार व भौतिकोपचार पद्धती. अध्ययन अक्षमतेवर औषध नाही. विशेष शिक्षकाकडून शिकवणी व परीक्षेत सवलत.