काटा कुणाच्या हातात?

फेब्रुवारीत आमच्या वस्तीतल्या विहारात बैठक झाली. विषय साधा होता. पोरांनी ठरवलं होतं की यंदा जयंतीला ‘माणुसकीची भिंत’ करायची. २०१६ च्या सुमारास महाराष्ट्रात गावोगाव अशा भिंती उभ्या राहिल्या. नको असेल ते आणून टांगायचं, हवं असेल ते घेऊन जायचं. पलीकडच्या सोसायट्यांतून जुने कपडे गोळा करायचे, धुवायचे, भिंतीवर लावायचे. सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढ्यात मागं बसलेली एक म्हातारी उठली.

“आरं लेकरांनो, दुसऱ्याची उतरलेली कापडं अंगावरनं काढाया आमच्या दोन पिढ्या गेल्या. आन् तुमी ती पुन्यांदा आपल्याच दारात टांगनार व्हय?”

बैठक तिथंच थांबली. कुणालाच उत्तर देता येईना. मलाही आलं नाही. नको असलेल्या वस्तू वाया जाऊ नयेत, ज्याला हव्यात त्याच्याकडं जाव्यात, यात वाईट काय? पण म्हातारी खोटं बोलत नव्हती. तिच्या प्रश्नाचं उत्तर इतिहासात शोधावं लागतं.

नको असलेल्या वस्तूचा मालक या देशात धर्मानंच ठरवून ठेवला होता. मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढून बघा. चांडाळानं प्रेतावरची वस्त्रं नेसावीत, फुटक्या भांड्यात जेवावं, लोखंडाचे दागिने घालावेत, असं तिथं लिहून ठेवलंय. म्हणजे टाकलेलं आपल्याकडं आलं ते आपल्याला गरज होती म्हणून नाही. आपण कोण ते दिसावं म्हणून. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला हा ग्रंथ जाळला, तेव्हा हा प्रेतावरच्या कापडाचा कायदाही जाळला.

गावगाड्यात हाच कायदा बलुतं म्हणून चालायचा. महारानं मेलेलं ढोर ओढायचं, सांगावा पोचवायचा, सरणाची लाकडं फोडायची, वेशीवर जागल करायची. बदल्यात काय? शिळ्या भाकरी, सुगीला खळ्यावरचं धान्य, मढ्यावरचं कापड, मेलेल्या ढोराचं मटण आणि हाडकी-हाडोळ्याचा जमिनीचा तुकडा. याला लोक ‘हक्क’ म्हणायचे. बावन्न हक्क! देवघेव आहे, असं पांढरपेशे अजूनही सांगतात. गावगाडा म्हणजे कसा एकमेकांच्या गरजा भागवणारा, म्हणतात.

मी त्यांना एवढंच विचारतो, त्या देवघेवीत दर कुठं ठरला होता? मोजमाप कुठं होतं? आणि ‘आज ढोर ओढत नाही’ म्हणायची सोय होती का? नाही म्हणायची सोय नसेल तर ती देवघेव नव्हे. ती गुलामीच.

आता दुसरी बाजू बघा. गावानं जे वेशीबाहेर फेकलं त्याचं आपल्या लोकांनी काय केलं? ढोर ओढलं महारानं, कातडं कमावलं ढोरानं, शिवलं चांभारानं. त्या कातड्याची मोट झाली आणि पाटलाचा मळा भिजला. वादी झाली, वहाण झाली, आसूड झाला. मातंगाच्या हातात ते हलगी होऊन वाजलं. टाकाऊतून टिकाऊ करायला आज शिबिरं भरवून शिकवतात. ही विद्या आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या होती. मोटेचं पाणी चाललं, वहाण चालली, हलगीबिगर लग्न होईना; पण करणाऱ्याचा हात विटाळाचा. वस्तू शुद्ध झाली, माणूस नाही.

म्हणून मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळं-उष्टं मागणं सोडा, म्हणून सांगितलं. डिसेंबरमध्ये तिथंच बायांना सांगितलं, अस्पृश्यता ओळखू येईल अशी लुगडं नेसायची तऱ्हा आणि दागिने टाका. कापड फाटकं असलं तरी चालेल, स्वच्छ ठेवा. इथं थांबून विचार करा. फाटक्याला त्यांची हरकत नव्हती. हरकत होती ती गुलामीच्या खुणेला. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल आणलं. प्रत्यक्षात कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ ला. तो पाहायला बाबासाहेब नव्हते.

ढोरं ओढणं बंद झालं तेव्हा काही शहाण्यांनी हिशेब मांडला. कातडं, शिंगं, हाडं, केवढं उत्पन्न बुडतंय बघा म्हणाले. १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी या हिशेबाचा समाचार घेतला. एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच का घेत नाही, असा त्यांचा उलटा सवाल होता. त्या सवालाला अजून उत्तर आलेलं नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या भावांना उघडं करून मारलं. मग सुरेंद्रनगरला लोकांनी मेलेली जनावरं कलेक्टर कचेरीपुढं आणून टाकली. आता तुम्हीच उचला म्हणाले. नागपूरचा सवाल साठ वर्षांनी रस्त्यावर आला.

मग टाकलेल्या वस्तूला हातच लावायचा नाही का? इथं पुण्याचा इतिहास बघायला पाहिजे.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातनं माणसं शहरांकडं निघाली. पुण्यात पोचलेल्या कितीतरी दलित बायांना एकच काम बिनविचारता मिळालं, कचराकुंडीतनं कागद वेचणं. पांढरा कागद वेगळा, पुठ्ठा वेगळा, काच, पत्रा, प्लॅस्टिक वेगळं. पुठ्ठ्याचा गिरणीत लगदा होतो, काच भट्टीत जाते, पत्रा वितळतो. शहराला नको ते कारखान्याला हवं होतं, आणि मधला पूल या बाया होत्या. पण काटा भंगारवाल्याचा. माल ओला आहे म्हणून वजन कापणार, उचल देऊन बांधून ठेवणार. वर पोलीस चोर समजणार.

१९९३ ला पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. बाबा आढाव अध्यक्ष होते. या बायांनी भीक किंवा जुनी लुगडी मागितली नाहीत. आम्ही कामगार आहोत, असं त्या म्हणाल्या. ओळखपत्र मागितलं आणि पालिकेच्या मान्यतेनं मिळवलं. वजनात होणाऱ्या फसवणुकीविरुद्ध उभ्या राहिल्या. २००८ मध्ये त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेनं महापालिकेशी करार केला. घराघरातनं वेगळा केलेला कचरा त्या घेणार, विकाऊ माल त्यांचा, आणि सेवेचे पैसे घरमालकानं द्यायचे. माल तोच होता, टाकलेला. पण आता दर होता, करार होता, नाही म्हणायला तोंड होतं.

मी याचे पोवाडे गात नाही. कचऱ्यात हात घालणारी बाई अजून आपलीच का, हा सवाल कराराने मिटत नाही. सुका-ओला एकत्र करून फेकणारा हात अजून तिला माणूस समजत नाही. तिच्या पोरीच्या हाती वहीच पाहिजे, पोतं नको. पण बलुतं आणि करार यातला फरक ज्याला कळत नाही त्याला चळवळ कळली नाही, एवढं मी म्हणतो.

पुढच्या बैठकीत मी हेच मांडलं. दोन तास भांडण झालं. शेवटी भिंत रद्द झाली. जयंतीला देवघेव ठेवायचं ठरलं. जो आणेल तोच नेईल, आणि आणणारे आपणच. नववी झालेल्यानं नववीची पुस्तकं आणायची, दहावीची न्यायची. लहान झालेला गणवेश द्यायचा, मोठा घ्यायचा. सोसायटीवाल्यांना द्यायचंच असेल तर रद्दी द्यावी. आपला काटा, त्यांच्यासमोर वजन, हातात पावती, पैसा वाचनालयाला.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, “काटा आपला आसंल तर मग करा.”

तेव्हा दोस्तहो, तुमच्या वस्तीत कुणी जुनं-पानं घेऊन दारात आलं तर वस्तू किती फाटलीय ते नंतर बघा. आधी तीन गोष्टी बघा. दर कुणी ठरवला? काटा कुणाच्या हातात? आणि नको म्हणता येतं का?

जय भीम.