घराच्या कागदावर बहिणीची सही

उपनगरातील एखाद्या दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तासभर बसून पाहावे. एका बाजूला बिल्डरचा माणूस, वकिलाचा कारकून, दलाल. दुसऱ्या बाजूला एकाच घरची माणसे असतात. भाऊ उभे राहून कागद चाळत असतात आणि बाकावर दोन-तीन बहिणी पर्स मांडीवर घेऊन गप्प बसलेल्या असतात. कुणी भिवंडीहून आलेली, कुणी चिपळूणहून रात्रीच्या गाडीने. नाव पुकारले की त्या उठतात, कॅमेऱ्यासमोर बसतात, अंगठा यंत्रावर ठेवतात आणि सही करतात. त्या कागदाला म्हणतात हक्कसोडपत्र. वडिलांच्या घरातील आपला हिस्सा भावांच्या नावे सोडल्याचा तो दस्त असतो. मग भाऊ ते घर विकायला मोकळे होतात.

हे दृश्य फक्त मुसलमानांचे नाही, सर्व समाजांत दिसते. परंतु आपल्या बाबतीत एक प्रश्न जास्तीचा उभा राहतो. ज्या धर्मात मुलीचा वाटा सूरह निसामध्ये मोजून सांगितला आहे, त्या समाजात हा कागद इतका सर्रास का झाला? याचे उत्तर शरियतीत शोधून सापडत नाही. ते मुंबईच्या घरांच्या इतिहासात आहे, असे मला वाटते.

उपनगर म्हणजे जुनी साष्टी. पोर्तुगीजांकडून ती १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांकडे आली आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ती घेतली. भातशेती, मिठागरे, कोळीवाडे आणि गावठाणे एवढाच तिचा विस्तार होता. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि पुढे या गावांना शहराची हवा लागली. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. १९५० मध्ये पालिकेची हद्द पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत व पूर्वेला भांडुपपर्यंत गेली, १९५७ मध्ये ती दहिसर आणि मुलुंडला भिडली. रत्नागिरी-कुलाब्यातून आलेला आपला कोकणी माणूस आधी डोंगरी-माझगावात उतरला, गोदीत किंवा जहाजावर लागला, आणि कुटुंब वाढले तसा कुर्ला, अंधेरी, जोगेश्वरीकडे सरकला.

पण तो सरकला भाडेकरू म्हणून. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. भाडेकरूला सहज काढता येईना. मालकाला भाड्यातून काही सुटेना, म्हणून तो खोली देताना पागडी मागू लागला. पागडी घेणे कायद्याने गुन्हा होता, तरी ती उघडपणे चालत राहिली. तिला कायद्यात जागा मिळाली ती १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, म्हणजे २००० सालापासून. पागडी देणारा स्वतःला खोलीचा मालक समजे. प्रत्यक्षात त्याच्या हाती असे ती फक्त भाडेकरूची पावती.

भाडेकरू वारला तर पावती कुणाच्या नावे? कायद्याचे उत्तर होते, मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाच्या नावे. लग्न होऊन गेलेली मुलगी सोबत राहत नसे. त्यामुळे खोली आपोआप मुलाची होई. त्यात कुणाचे कपट नव्हते, काझीलाही विचारावे लागत नसे. दहा बाय बाराच्या खोलीचे आठवे आणि सहावे हिस्से कसे पाडणार? अशा रीतीने चाळीत वाढलेल्या दोन-तीन पिढ्यांच्या मनात एक समज पक्की झाली : घर त्याचे, जो त्यात राहतो. बहिणीचे माहेरपण असते, हिस्सा नसतो.

यानंतर घराचे स्वरूपच बदलले. भाड्याने द्यायला इमारत बांधणे परवडेना, तेव्हा बिल्डर सदनिका विकू लागले. त्या व्यवहाराला शिस्त लावण्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र मालकी सदनिका कायदा आला. नोंदणीकृत करार, सहकारी संस्था, संस्थेच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण असा क्रम त्याने घालून दिला. चाळ पाडून इमारत उभी राहते तेव्हा काल पावती असणारा आज मालक होतो. आखाती देशांत उमेदीची वर्षे घालवलेल्यांनीही उपनगरात सदनिका घेतल्या. आणि मालकी आली म्हणजे तिच्याबरोबर वारसा आला. पावतीला जो नियम होता तो मालकीला लागू नाही. मालमत्ता मागे ठेवून माणूस वारला की त्याचे वारस त्याच क्षणी आपापल्या हिश्श्याचे मालक होतात. बाप हयात असताना मुलाचा हक्क नसतो, मुलीचाही नसतो. बाप गेल्यावर दोघांचाही असतो. आपल्या कायद्यात एकत्र कुटुंब नाही, कर्ता नाही, आणि एका वारसाने दुसऱ्याचा हिस्सा विकण्याची सोयही नाही.

हिशेब साधा आहे. समजा, घर ९६ लाखांना विकले गेले आणि मागे विधवा, दोन मुलगे व दोन मुली आहेत. कफन-दफनाचा खर्च व कर्ज आधी फेडायचे. उधार राहिलेला मेहेर हेही कर्जच आहे, हे बहुतेक जण विसरतात. वसीयत असेल तर ती एक-तृतीयांशापर्यंत, आणि इतर वारसांची संमती नसेल तर कुणा वारसाच्या नावे नाही. हे काहीच देणे नाही असे धरले, तर विधवेचा आठवा हिस्सा १२ लाख. उरलेल्या ८४ लाखांचे सहा भाग. मुलांना प्रत्येकी २८ लाख, मुलींना प्रत्येकी १४ लाख. हनफी असो की कोकणातला शाफई, इथे फरक पडत नाही. मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा का, यावर सुधारणावाद्यांनी जरूर बोलावे. परंतु निम्म्याचा वाद घालण्याआधी तो निम्मा तरी तिच्या हाती पडतो का, हे पाहावे लागेल.

हा हिस्सा आपल्याकडे कोर्टात मागून नाकारला गेल्याचा इतिहासही मुंबईचाच आहे. १८४७ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सर अर्स्किन पेरी यांच्यासमोर खोजा आणि कच्छी मेमन घराण्यांतील दोन दावे आले. हीरबाई आणि रहिमतबाई या मुलींचे म्हणणे होते की आम्हाला कुराणाप्रमाणे वाटा मिळावा. जमातीची रूढी मुलींना वाटा न देण्याची होती. पेरींनी रूढी उचलून धरली आणि मुली हरल्या. कच्छी मेमनांसाठी १९२० मध्ये ऐच्छिक व १९३८ मध्ये सक्तीचा कायदा झाला. त्याच सुमारास, १९३७ मध्ये, शरियत कायदा आला आणि देशभरातल्या मुसलमानांच्या वारशात रूढी मागे पडली. हा कायदा व्हावा यासाठी जे युक्तिवाद झाले त्यांत मुसलमान बाईला रूढीतून सोडवून तिचा कुराणातील हक्क देण्याचा मुद्दा ठळक होता. शेतजमीन मात्र त्यातून वगळली गेली. कोकणातले भातखाचर आणि अंधेरीची सदनिका यांना त्या कायद्याचे एकच माप नाही. सदनिकेच्या बाबतीत मात्र संशयाला जागा नाही. हीरबाईने जे मागितले ते तिच्या पणतीला कायद्याने मिळाले आहे. पणती ते आता निबंधकाच्या कार्यालयात नाममात्र मुद्रांकावर सोडून देते.

भावांची बाजूही ऐकली पाहिजे. तिच्यात तथ्य आहे. भाऊ म्हणतो, बहिणीला १४ लाख द्यायचे तर राहते घर विकावे लागेल, आणि विकून जायचे कुठे? मुंबईत मुसलमानाला घर कोण देतो?

हे दार कसे बंद होत गेले तेही पाहू. मुंबईतील सहकारी गृहरचनेची सुरुवातच जमातीच्या नावाने झाली. गावदेवीला १९१५ मध्ये सारस्वतांची संस्था निघाली. दादरला पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी झाल्या. त्यामागे द्वेष होता असे म्हणता येणार नाही, आपल्या माणसांसोबत राहण्याची ती ओढ होती. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम २३ प्रमाणे पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. पण २००५ मध्ये अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका जमातीपुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. तसा उपविधी नसलेल्या इमारतींतही 'सोसायटी मान्य करणार नाही' हे वाक्य दलालाच्या तोंडी असतेच. वास्तविक आदर्श उपविधींप्रमाणे सदनिका विकायला संस्थेच्या ना-हरकत दाखल्याची गरजच नाही.

आणि १९९२-९३. डिसेंबर आणि जानेवारीच्या त्या दंगलीत न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार ९०० माणसे मेली, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. जोगेश्वरीची राधाबाई चाळ जळाली, त्यात हिंदू कुटुंब होते. मुसलमान वस्त्या दुसरीकडे जळाल्या. त्यानंतर उपनगरात घरांची जी खरेदी-विक्री झाली तिला बाजार म्हणणे कठीण आहे. मिळेल त्या भावाला घर विकून हिंदू हिंदूंकडे गेला, मुसलमान मुसलमानांकडे गेला. मुंब्रा आणि मीरा रोड त्या काळात भरत गेले. ज्यांनी तेव्हा घर विकले त्यांना विचारा. भाव किती आला यापेक्षा शेजारी कोण राहिला नाही, हे त्यांना जास्त आठवते.

इथे आपल्याच फिक्हमधील एक जुनी तरतूद आठवते. तिला शुफा म्हणतात. सहहिस्सेदार किंवा शेजारी घर विकत असेल तर ते त्याच किमतीला घेण्याचा पहिला हक्क दुसऱ्या हिस्सेदाराला, मग शेजाऱ्याला. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेजारीपणावर आधारलेला हा हक्क घटनाबाह्य ठरवला, सहहिस्सेदाराचा मात्र मान्य केला. शुफाने शेजाऱ्याला घर घेण्याचा हक्क दिला होता. कुणी घेऊ नये हे ठरवण्याचा हक्क दिला नव्हता. शिवाय या तरतुदीत पहिला मान हिस्सेदाराचा आहे. बापाच्या घरात आपली बहीण हीच ती हिस्सेदार. गिऱ्हाईक शोधण्याआधी तिला विचारायला हवे, आपण तिला सर्वांत शेवटी बोलावतो.

बाहेरचे दार बंद आहे हे खरे. त्याविरुद्ध लढलेच पाहिजे, आणि आपली साहित्य संमेलने, आपले वार्षिक अंक त्यावर बोलत आले आहेत. पण त्या बंद दाराची किंमत एकट्या बहिणीने का भरावी? तिलाही त्याच शहरात राहायचे आहे. तिलाही घर नाकारले जाते. घटस्फोटित किंवा विधवा असेल तर ते दोनदा नाकारले जाते. 'लग्नात दिले की' म्हणून तिचा हिस्सा वजा करता येत नाही. जहेजचा आणि वारशाचा काही संबंध नाही. आणि 'माहेर तुटेल' ही भीती तर आपणच तिच्या मनात घातलेली. हिस्सा मागितल्याने जे तुटते ते माहेर होते की आणखी काही, याचा विचार भावांनी करावा.

काही सावधगिरीच्या गोष्टी घरोघरी माहीत असाव्यात. संस्थेत ज्याचे नाव नॉमिनी म्हणून दिले तो मालक होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद आहे. वारसांत अज्ञान मूल असेल तर आई त्याच्या वतीने घर परस्पर विकू शकत नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने १९१८ मध्येच सांगितले. १८९० च्या पालक कायद्याखाली कोर्टाची परवानगी लागते. केवळ मुखत्यारपत्रावर घेतलेल्या घराने मालकी येत नाही, हे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. ज्याला मुलीला हयातीतच काही द्यायचे आहे त्याने हिबा करावा, पण नुसते बोलून भागत नाही. द्यावे, तिने स्वीकारावे आणि ताबा तिच्याकडे जावा, तेव्हा तो पुरा होतो.

२०२१ पासून महाराष्ट्र सरकार बाईच्या एकटीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांकशुल्कात १ टक्का सवलत देते. म्हणून आता बायकोच्या नावाने घर घेण्याची चढाओढ आहे. तीच माणसे, तेच निबंधकाचे कार्यालय. एका टेबलावर १ टक्का वाचावा म्हणून बायको मालक होते, आणि शेजारच्या टेबलावर बहीण आपला १४ लाखांचा हिस्सा सोडून उठते.

सही करताना ती काही बोलत नाही. तिने बोलावे असे कुणी तिला म्हटलेलेही नसते. पुढच्या वेळी कागद करण्याआधी एका भावाने जरी तिच्या घरी जाऊन हिशेब तिच्यापुढे ठेवला आणि हे तुझे आहे, काय करायचे ते तू सांग, असे म्हटले तरी पुष्कळ होईल. तिने मग सोडले तर ते सोडणे तिचे असेल. आणि नाही सोडले, तर तेही.