इंग्रजी पहिलीचें वर्ष

जून महिन्यांत पहिला पाऊस पडून गेला, शाळांच्या घंटा पुन्हां वाजूं लागल्या, म्हणजे प्रत्येक शिक्षक एक कोरी वही घेऊन बसतो. एका बाजूस महिने, दुसऱ्या बाजूस धडे आणि मध्यें तासांची बेरीज. हीच त्याची वर्षाची आखणी. हायस्कूलच्या पहिल्या वर्गास इंग्रजी शिकवितांना ही आखणी कशी होत आली व तींत काय राहून गेलें, याची हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे. मी स्वतः मॅट्रिकपर्यंतच शिकलेला. परंतु पांचवीच्या वर्गांत माझें सारें आयुष्य गेलें, तेवढ्याच अधिकारानें बोलतों.

जुन्या काळीं मराठी चार इयत्ता पुऱ्या झाल्या म्हणजे मूल 'इंग्रजी पहिली'त जाई आणि सात इयत्तांनंतर मॅट्रिकला बसे. आजची पांचवी ती हीच. आमच्या कोल्हापुराला या वर्गाचें अप्रूप फार जुनें. न्यायमूर्ति रानडे यांचें बालपण याच नगरींत गेलें व इंग्रजीचे पहिले धडे त्यांनीं येथेंच घेतले. नामदार गोखले कागलाहून येथें शिकावयास आले आणि १८८१ सालीं मॅट्रिक झाले. छत्रपति राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाहून परततांना १८७० सालीं फ्लॉरेन्स येथें निवर्तले. त्यांची इंग्रजी रोजनिशी १८७२ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. राजवाड्यापासून कारकुनाच्या घरापर्यंत सर्वांसच ही भाषा हवी होती.

त्या काळचा मार्ग भाषांतराचा. हॉवर्डसाहेबांचीं वाचनपुस्तकें आलीं, पुढें तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरोघर पोहोंचली. आधीं नियम, मग शब्दांची यादी, मग मराठीचें इंग्रजी आणि इंग्रजीचें मराठी. आखणीही सोपी: धडे मोजावे आणि महिन्यांनीं भागावे. या पद्धतींत मुलाची मराठी त्याच्या पायाखालीं राही, आणि शिक्षक नसला तरी हुशार मुलगा पुस्तक हातीं धरून पुढें जाई. दोष एवढाच कीं, त्याचें तोंड उघडत नसे.

त्या दोषावर उपाय म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीं प्रत्यक्ष पद्धति आली. मुंबईस १९०६ सालीं माध्यमिक शिक्षकांसाठीं ट्रेनिंग कॉलेज निघालें. तेथील फ्रेझरसाहेबांनीं आणि शिक्षणखात्यांतील रेनसाहेबांनीं तिचा पुरस्कार केला. याच रेनसाहेबांचें व्याकरण पुढें मार्टिनच्या जोडीनें घरोघर गेलें. वस्तु दाखवावी, कृति करावी, मराठी शब्द वर्गांत येऊंच देऊं नये, असा दंडक. पद्धति चांगली, परंतु ज्या शिक्षकाला स्वतःलाच घडाघडा इंग्रजी बोलतां येत नव्हतें, त्याच्या हातीं ती 'धिस इज ए बुक'च्या पलीकडे सरकेना.

स्वातंत्र्य आलें. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानें १९४८ च्या सुमारास पांचवी ते सातवीचें इंग्रजी काढून तें आठवीपासून सुरू करण्याचें ठरविलें. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि आमच्या शाळाही त्या धोरणाखालीं आल्या. मातृभाषा पक्की व्हावी, कोवळ्या वयावरील ओझें उतरावें, हा हेतु शुद्ध होता. परंतु पूर्वीं ज्याला सात वर्षें मिळत, त्याला आतां अकरावीपर्यंत चारच मिळूं लागलीं. ज्यांच्या घरीं इंग्रजी जाणणारें माणूस होतें त्यांनीं मुलांस घरीं शिकविलें. कुणब्याच्या मुलाला शाळेवांचून दुसरी जागा नव्हती. १९५८ सालीं हैदराबादेस इंग्रजीची मध्यवर्ती संस्था निघाली. वाक्यांचे सांचे आणि निवडक शब्द क्रमानें शिकविण्याची रीत रूढ झाली. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या काळांत इंग्रजी पुन्हां पांचवीकडे आलें.

तोच वर्ग माझ्या वांट्यास आला. पहिल्या वर्षीं माझी आखणी तंतोतंत पार पडली. फेब्रुवारींतच पुस्तक संपलें. परीक्षेंत एका मुलानें अख्खा धडा तोंडपाठ म्हणून दाखविला. पुढें आठ दिवसांनीं त्याचा बाप शेतांत फवारावयाच्या विषारी औषधाची बाटली घेऊन आला आणि म्हणाला, "गुरुजी, पोराला ह्यावरचं वाचाय येत न्हाई. तुम्हीच सांगा, किती पाणी घालू?" मीं वाचून सांगितलें, परंतु मान वर करवेना.

त्या दिवसापासून माझी वही बदलली. पहिले पंधरा दिवस पुस्तक मिटलेलें. बस, तिकीट, पंप, मोटर, डॉक्टर असे मुलांच्या तोंडीं आधींच असलेले शब्द त्यांच्याकडूनच घ्यावे, फळ्यावर इंग्रजी अक्षरांत लिहावे आणि त्यांतून अक्षरओळख करावी. भाताच्या लावणींत निम्मा वर्ग चिखलांत असे; त्या दिवसांत नवा धडा नाहीं, फक्त उजळणी. दर पांचवा आठवडा कोरा, मागें राहिलेल्यांसाठीं. आणि प्रत्येक शनिवारीं पुस्तकाबाहेरची एक ओळ: कधीं बसची पाटी, कधीं साबणाचें वेष्टण. धडे थोडे मागें पडत, तपासणीच्या वेळीं बोलणींही खावीं लागत. परंतु मार्चअखेर मुलें न पाहिलेली ओळ जुळवून वाचूं लागलीं.

२००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच सुरू झालें आहे. आतां पांचवींत येणारें मूल चार वर्षांचें इंग्रजी घेऊन येतें, निदान कागदावर तरी. म्हणून आई-बापांस एक विनंति आहे. या जूनमध्यें मुलाला "किती धडे झाले?" असें विचारूं नका. घरांतील एखादा डबा त्याच्या हातीं द्या, त्यावरील एक ओळ वाचावयास सांगा आणि तो अडखळला तर न रागावतां त्याच्या शिक्षकांस कळवा. वर्षाची आखणी तेथूनच सुरू व्हावयास हवी.