अभिजात मोटारींचा छंद (शिरवळ, सातारा व सांगली परिसर)

उत्पादन थांबलेल्या जुन्या मोटारी शोधून काढणे, शक्य तितक्या मूळ रूपात आणणे, रस्त्यावर चालवणे आणि प्रदर्शनांत मांडणे, असा हा छंद. जगभर त्याची सर्वांत गाजलेली शाखा अमेरिकन ‘मसल कार’ची. महाराष्ट्रात या गाड्या जवळजवळ आल्याच नाहीत. त्यांची जागा इथे कॉन्टेसा, जोंगा आणि विलिस जीप यांनी घेतली. शिरवळ (ता. खंडाळा, जि. सातारा) हे नीरा नदीकाठचे, पुण्याहून सुमारे 50 किमी अंतरावरचे गाव. छंदाचे केंद्र म्हणून ते प्रसिद्ध नाही; पण पुणे, सातारा, कऱ्हाड, सांगली व कोल्हापूर यांना जोडणाऱ्या महामार्गावर ते आहे आणि त्याच्यापुढे लगेच खंबाटकीचा घाट लागतो. म्हणून या पट्ट्याचा विचार शिरवळपासून करणे सोयीचे.

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या दोन दारी गाडीत मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरचे इंजिन. तिची सुरुवात सर्वसाधारणपणे 1964 च्या पाँटिॲक जीटीओपासून धरतात. पाँटिॲकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांचे सहकारी यांनी टेम्पेस्ट या साध्या गाडीत 389 घनइंचांचे, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचे इंजिन बसवले. कागदावर शक्ती होती 325 अश्वशक्ती. फोर्डची मस्टँग त्याच वर्षी एप्रिलमध्ये आली. डॉज चार्जर, शेव्हरोले कमॅरो, प्लिमथ रोडरनर यांनी पुढची चार वर्षे गाजवली. मग विम्याचे हप्ते भडकले, 1970 च्या स्वच्छ हवा कायद्याने धुरावर बंधने आली आणि ऑक्टोबर 1973 च्या तेलटंचाईने उरलेसुरले संपवले. पुरते दहा वर्षांचेही राज्य नव्हते, म्हणूनच आज किंमत एवढी. सात लिटरच्या हेमी इंजिनाची 1971 सालची उघड्या टपाची प्लिमथ बाराकुडा जेमतेम डझनभर बनली. त्यांतली एक 2014 मध्ये सिॲटलच्या लिलावात 35 लाख डॉलरना गेली. ‘बुलिट’ चित्रपटातली 1968 ची मस्टँग 1974 पासून एकाच कुटुंबाकडे गुपचूप उभी होती. ती 2018 मध्ये लोकांसमोर आली आणि 2020 मध्ये 34 लाख डॉलरच्या बोलीवर विकली गेली.

ही सगळी धामधूम चालू असताना भारताचे दरवाजे बंद होते. जनरल मोटर्स मुंबईत शिवडीला 1928 पासून गाड्या जुळवत होती, फोर्डचेही इथे काम होते. सुटे भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्यांना जागा नाही, हे सरकारी धोरण 1953 मध्ये ठरले आणि पुढच्याच वर्षी दोघांनीही गाशा गुंडाळला. त्यानंतर परदेशी गाडी मिळायची ती बहुधा वकिलातींनी वापरून सोडलेली, राज्य व्यापार महामंडळाच्या लिलावातून. गोव्याचे तेवढे वेगळे होते. डिसेंबर 1961 पर्यंत तिथे पोर्तुगीज राज्य असल्याने आयात सैल होती, आणि जर्मन टॅक्सी तिथल्या रस्त्यांवर सर्रास दिसत. आज नुवे येथे जुन्या गाड्यांचे खासगी संग्रहालय आहे.

देशी बाजूला सातारा जिल्ह्याचा एक धागा आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, डिसोटो, प्लिमथ या नावांची वाहने बाहेर पडली. त्याच वालचंद समूहाने त्याआधी सातारा रोड या गावचा कूपर इंजिनिअरिंग हा कारखाना ताब्यात घेतला होता. तो उभारणारे धनजीशा कूपर हे 1937 मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान. नांगर, डिझेल इंजिने, यंत्रे बनवणारा हा कारखाना मोटारींचा नव्हता. पण बीड ओतणारे, लेथवर हात बसलेले कामगार या मुलुखात कुठून आले, याचे एक उत्तर त्यात आहे. दुसरे उत्तर सांगली जिल्ह्यातले किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये माळरानावर वसवलेली ती वसाहत पुढे पंपांसाठी नावाजली. तिसरे कोल्हापूरचे उद्यमनगर. तिथल्या इंजिन-कारागिरीच्या इतिहासात म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांची नावे पहिली घेतात. जुनी गाडी दुरुस्त करायची तर बाजारात न मिळणारा भाग कुणीतरी करून द्यावा लागतो, आणि तो करून देणारे या पट्ट्यात हाकेच्या अंतरावर आहेत. या परिसरातल्या छंदाचे बळ गाड्यांच्या संख्येपेक्षा या कारागिरीत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हिंदुस्तान कॉन्टेसाला हौशी मंडळी ‘भारताची मसल कार’ म्हणतात. शक्तीच्या आकड्यांवर हे टिकत नाही. रूपावर मात्र टिकते. ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल कंपनीची व्हिक्टरच्या वंशातली गाडी 1978 मध्ये बंद झाली, तिचे साचे हिंदुस्तान मोटर्सने घेतले आणि 1984 मध्ये उत्तरपाऱ्याहून कॉन्टेसा बाहेर आली. लांब बॉनेट, जोडीचे दिवे, सपाट रुंद पाठ, मागच्या चाकांना ताकद. उभी असताना ती खरोखर डेट्रॉइटची वाटते. चालवली की भ्रम सुटायचा, कारण आत इंजिन होते ॲम्बेसेडरचेच, 1.5 लिटरचे, जेमतेम 50 अश्वशक्तीचे. खरी कॉन्टेसा म्हणजे पुढची, इसुझू इंजिनाची ‘क्लासिक’ : 1.8 लिटर, 88 अश्वशक्ती, पाच गिअर. तिने मारुतीच्या जमान्यातही मंत्री, कारखान्यांचे अध्यक्ष आणि बागायतदार यांच्या दारात जागा टिकवली. डिझेलची आवृत्तीही निघाली आणि 2002 मध्ये उत्पादन थांबले. नंतर वीसेक वर्षांत बहुतेक गाड्या भंगारात गेल्या. ज्या उरल्या त्यांना आता भाव आहे आणि त्यातही इसुझूच्या पेट्रोल गाडीला जास्त. ॲम्बेसेडरचे इंजिन असलेली पहिली आवृत्ती दुर्मीळ असूनही मागणीत मागे पडते. दुर्मीळ आणि हवीशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या छंदात लवकर कळते.

इंजिनाचा आकारच पाहायचा तर कॉन्टेसापेक्षा जोंगा पुढे. जबलपूरच्या लष्करी कारखान्यात निसानच्या परवान्याने 1969 ते 1999 या काळात बनलेल्या या गाडीला सहा सिलिंडरचे, 3,956 घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन होते, सुमारे 110 अश्वशक्तीचे. लष्कराने निकाली काढलेल्या जोंगा लिलावातून नागरिकांकडे आल्या. पेट्रोल पाण्यासारखे पिते म्हणून अनेकांनी त्यात डिझेल इंजिन घातले आणि मूळ इंजिन फुंकून टाकले. आज तेच इंजिन शोधत फिरणारे लोक आहेत. जीपची कथा निराळी. महिंद्रने 1947 पासून विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे तिच्या वंशातल्या गाड्या सातारा-सांगलीच्या खेड्यापाड्यांत वडाप, म्हणजे माणशी भाड्याची खासगी वाहतूक, म्हणून राबल्या. दहा-पंधरा माणसे, वर टपावर पोती, मागे लटकलेले दोघे. त्यामुळे इथे जुनी जीप सापडते ती बहुधा चेसिस पिचलेली, पत्रा चारदा जोडलेला, आणि तरी सुरू होणारी.

शोधाची रीत ठरलेली आहे. जाहिरातीत आलेली गाडी महाग पडते. खरी गाडी सापडते ती गोठ्याशेजारच्या शेडमध्ये, बंद पडलेल्या पंपाच्या मागे किंवा वाटण्या न झालेल्या वाड्यात. वाटण्या न होणे हे इथे फार महत्त्वाचे. आजोबांच्या नावावरची गाडी चार चुलत भावांच्या सहीशिवाय हलत नाही, आणि सही मिळेपर्यंत पावसाळे जातात. म्हणून जाणकार आधी आरसी बुक मागतो, मग गाडी पाहतो. चेसिस नंबर पुस्तकाशी जुळतो का, इंजिन नंबर बदलला असेल तर त्याची नोंद आहे का, गाडीवर बँकेचा बोजा अजून दाखवला आहे का. त्यानंतर खिशातून निघतो लोहचुंबक. तो दारांच्या खालच्या कडेवर, चाकांच्या कमानींवर, पुढच्या काचेच्या तळाशी फिरवतात. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा कुजलेला आहे आणि वर पुट्टी चोपडून रंग मारलेला आहे. डिकीतले स्टेपनीचे खोलगट भांडे आणि बॅटरीखालची ताटली उचलून पाहतात, कारण पाणी आणि आम्ल तिथेच साचते. इंजिन बांधून घेता येते. कुजलेला पत्रा मात्र खिसा रिकामा करतो. नवख्याचे उलटे असते, तो आधी इंजिनाचा आवाज ऐकतो आणि भुलतो.

दुरुस्तीतले सर्वांत अवघड काम काच आणि रबराचे. पिस्टन, बुश, गिअरचा दाता लेथवाला नमुन्यावरून करून देतो. कॉन्टेसाच्या मागच्या काचेचे बीडिंग कोण देणार? मग मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत खेटे. क्रोमच्या पट्ट्या प्लेटिंगवाल्याकडे जातात आणि धार बोथट होऊन परत येतात, ही नेहमीची तक्रार.

या मुलुखात गाडी दुरुस्त करण्यापलीकडे, अख्खी गाडी बनवण्याचीही हौस आहे. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी 1949 मध्ये ‘मीरा’ ही छोटी मोटार तयार केली आणि 1970 पर्यंत तिचे सुधारित नमुने काढले. सुमारे 12,000 रुपयांत ती विकण्याचा त्यांचा विचार होता. कारखाना मात्र कधी उभा राहिला नाही. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे (जि. सांगली) येथील एका कारागिराने भंगारातून किक मारून सुरू होणारी चिमुकली जीप बनवली. महिंद्र समूहाचे आनंद महिंद्र यांनी 2022 मध्ये तिच्या बदल्यात त्याला नवी बोलेरो दिली. छंदाच्या इतिहासात या दोन्ही गाड्या मस्टँगइतक्याच मानाने नोंदवायला हव्यात.

चालवण्याची कसोटी खंबाटकीत लागते. बराच काळ साताऱ्याकडे जाणारी वाहने जुन्या घाटाने चढत आणि पुण्याकडे येणारी बोगद्यातून जात. उन्हाळ्यात चढावर जुन्या पेट्रोल गाडीचा पंप तापतो, त्यातल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी आचके देत थांबते. ओले फडके पंपावर गुंडाळून पाच-दहा मिनिटे उभे राहिले की पुन्हा सुरू होते. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडायचे नाही, हे प्रत्येक मेस्त्री सांगतो. म्हणून शिरवळला चहा घेणारा माणूस इंजिनाचे तापमान, पाणी आणि पट्टा पाहून मगच पुढे निघतो. उतारावर उलटी काळजी : या गाड्यांचे ब्रेक आजच्या ट्रकांच्या गर्दीसाठी बनलेले नाहीत, गिअर खाली ठेवून उतरावे लागते.

प्रदर्शनाची परंपरा पश्चिम महाराष्ट्रात दोन टोकांची आहे. एका टोकाला कोल्हापूर. तिथे दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दसरा चौकात येते आणि लोक सोन्याइतकेच तिला पाहायला जमतात. दुसऱ्या टोकाला मुंबई-पुण्यातल्या क्लबांच्या फेऱ्या आणि परीक्षक नेमून होणारी मानाची प्रदर्शने. कार्टिये कंपनीचे पहिले असे भारतीय प्रदर्शन 2008 मध्ये मुंबईत भरले, दिल्लीचे ‘21 गन सॅल्यूट’ 2011 पासून. परीक्षक मूळपणाला गुण देतात. जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिवा किमान 30 वर्षांचे वाहन ऐतिहासिक धरते आणि वयानुसार गट पाडते. त्या हिशेबाने पहिल्या दशकातल्या कॉन्टेसा आता पात्र आहेत.

भारतीय नियमाचे माप वेगळे. जुलै 2021 च्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे झालेली, फारसा फेरबदल न केलेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण 5,000 रुपये. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते. अशी गाडी प्रदर्शन, फेरी, इंधन आणि दुरुस्तीसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. 1984 ची कॉन्टेसा या व्याख्येत 2034 मध्ये बसेल. तोवर तिला पंधरा वर्षांनंतरची नेहमीची फेरनोंदणी, तपासणी आणि पर्यावरण कर यांतून जावे लागते. इंजिन बदलून ताकद वाढवणाऱ्यांची वाट सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2019 च्या निकालाने अरुंद केली. उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत बदल केलेल्या वाहनाच्या नोंदणीला न्यायालयाने नकार दिला.

इंधनाचा पेच ताजा आहे. शिसेयुक्त पेट्रोल देशात 2000 मध्ये बंद झाले तेव्हा जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटा झिजू लागल्या, त्या कडक धातूच्या बसवून घ्याव्या लागल्या. 2023 पासून 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. त्यातले काही इथेनॉल याच सातारा-सांगली-कोल्हापूरच्या उसातून निघते. जुन्या गाडीतली रबरी नळी, कार्बोरेटरचा पडदा आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉल फुगवते किंवा तडकवते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी साचून गंज धरतो. म्हणून इथले मेस्त्री नळ्या बदलून देतात, फिल्टर दुप्पट वेळा काढतात आणि पावसाळ्याआधी टाकी रिकामी करायला सांगतात.