नावात इंडिका, पण मूळ कुठले?

१/
२००४ साली कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर माडाच्या झावळ्यांखाली लालभडक सूक्ष्म जीवांच्या वसाहती आढळल्या. एकेक जीव टाचणीच्या डोक्याहूनही कितीतरी लहान होता. अमेरिका खंडांत त्याची पूर्वी कोठेही नोंद नव्हती. तरीही तो अनोळखी ठरला नाही, कारण ऐंशी वर्षांपूर्वी कोइमतूरच्या माडावरून त्याची ओळख लिहून ठेवलेली होती. #थ्रेड

२/
हा जीव कीटक नव्हे. तो कोळ्यांच्या वर्गातला, आठ पायांचा माइट. शेतकरी अशा किडींना सरसकट ‘लाल कोळी’ म्हणतात. शास्त्रज्ञ मात्र त्यांत भेद करतात. खरे लाल कोळी पानावर बारीक जाळे विणतात. मार्टिनिकचा जीव जाळे विणत नाही आणि चपट्या माइटांच्या वेगळ्या कुळात मोडतो. मादीची लांबी सुमारे ०.३ मिलिमीटर असते.

३/
स्टॅन्ले हर्स्ट हे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील अष्टपाद जीवांचे अभ्यासक. १९२४ साली त्यांनी लाल कोळ्यांच्या काही नव्या जातींवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील एक जात कोइमतूर येथील नारळाच्या पानांवर सापडलेली होती. कोइमतूर हे तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील कृषी संशोधनाचे केंद्र होते. या जातीचे नाव ठेवले गेले ‘राओइएला इंडिका’. उच्चारताच त्यात ‘राव’ ऐकू येते, आणि ‘इंडिका’ म्हणजे भारतातील.

४/
नवी जात ‘ओळखणे’ म्हणजे नेमके काय? माइट काचपट्टीवर पारदर्शक करून बसवला जातो. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पाठीवरील केसांची संख्या, जागा आणि आकार तपासला जातो. राओइएलाच्या पाठीवरील केस लांब असून टोकाशी चपटे होतात, आणि जिवंत असताना त्या टोकांवर द्रवाचे थेंब चमकतात. वर्णन छापले जाते आणि नमुना जपून ठेवला जातो. पुढे जगात कोठेही तसा जीव सापडला, की त्याची तुलना या लिखित पुराव्याशी होते. इतिहासकाराला जसा ताम्रपट, तसा वर्गीकरणकाराला हा मूळ नमुना.

५/
मार्टिनिकमध्ये हाच पुरावा उपयोगी पडला. ब्राझीलचे कार्लोस फ्लेक्टमन आणि ग्वादलूपमध्ये काम करणारे झाँ एतिएन यांनी २००४ मध्ये हा जीव राओइएला इंडिका असल्याचे प्रसिद्ध केले. अमेरिकेतील ताडवर्गीय झाडांना यापासून धोका आहे, असा इशारा त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच दिला.

६/
इशारा खरा ठरला. काही वर्षांतच कॅरिबियनमधील एकामागून एक बेटे या किडीने व्यापली. डिसेंबर २००७ मध्ये ती फ्लोरिडात सापडली, २००९ मध्ये ब्राझीलच्या उत्तरेकडील बोआ व्हिस्ता शहरात आणि त्याच वर्षी मेक्सिकोत. वारा, रोपवाटिकांतील रोपे, इतकेच काय, झावळ्यांपासून विणलेल्या टोप्या आणि टोपल्या यांवरूनही तिचा प्रवास होत होता.

७/
या प्रवासात शोभेच्या ताडवर्गीय झाडांचा वाटा मोठा होता. हॉटेलांच्या बागा, रस्त्यांच्या कडा आणि घरांची अंगणे सजवणारी ही झाडे शेतमाल नसतात, म्हणून त्यांच्या पानांची खालची बाजू सहसा कोणी उलटून पाहत नाही. अमेरिकेत ही कीड केळीवर आणि हेलिकोनियासारख्या फुलझाडांवरही पोसू लागली. लहान बेटांवरील कुटुंबांसाठी नारळ आणि केळी म्हणजे रोजचे अन्न आणि हाती येणारा पैसा, दोन्ही.

८/
ओळख चुकण्याचेही एक उदाहरण या इतिहासात आहे. १९९६ साली फिलिपिन्समधील नारळावरच्या एका माइटाला नवी प्रजातीच नव्हे, तर नवा वंश मानून ‘रारोसिएला कोकोसे’ हे नाव देण्यात आले. पुढील छाननीत तो राओइएला इंडिकाच असल्याचे ठरले. एकच जीव दोन नावांनी नोंदला गेला, की त्याच्या प्रसाराचा नकाशा दोन तुकड्यांत फाटतो आणि एकच आक्रमण दोन असंबद्ध घटनांसारखे दिसू लागते.

९/
आता मूळ प्रश्न. ‘इंडिका’ खरोखर भारताची का? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनएच्या अभ्यासात राओइएला वंशवृक्षाच्या मुळाशी असलेल्या शाखा मध्यपूर्वेतील निघाल्या. त्यामुळे या वंशाचा उगम त्या प्रदेशात असावा, याकडे अभ्यासकांचा कल झुकला. १९२४ ची नोंद हा जीव प्रथम कोठे वर्णिला गेला एवढेच सांगते. तो कोठे जन्मला, याविषयी ती मौन बाळगते.

१०/
याच्या उलट दिशेचा प्रवास भारताने अनुभवला. १९६५ साली मेक्सिकोतील गेरेरो राज्यातून आलेल्या नमुन्यांवरून ‘असेरिया गेरेरोनिस’ या दुसऱ्या नारळ-माइटाचे वर्णन झाले. १९९८ मध्ये तो केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात आढळला आणि पुढे कोकणापर्यंत पोहोचला. कोवळ्या नारळाच्या देठाखालील टोपीत शिरून तो रस शोषतो. मग फळावर तपकिरी चट्टे उमटतात आणि नारळ खुरटतात. कोकणातील बागायतदार त्याला ‘इरिओफाइड कोळी’ म्हणून ओळखतात.

११/
येथे एक कोडे उभे राहते. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील नारळ मूळचा तेथील नव्हे. वास्को द गामाच्या सफरीनंतर पोर्तुगीजांनी हिंदी महासागराकडील नारळ केप व्हर्दे बेटांवर नेला आणि सोळाव्या शतकात तो कॅरिबियन व ब्राझीलमध्ये रुजला. मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर तो स्पॅनिश जहाजांतून पॅसिफिक ओलांडून गेला. झाड पाहुणे असेल, तर त्यावरील कीड स्थानिक कशी?

१२/
उत्तराचा धागा पुन्हा शोभेच्या झाडांत सापडतो. ब्राझीलमध्ये ‘लिटोकॅरियम वेडेलिआनम’ या तेथल्याच शोभिवंत ताडवर्गीय झाडावर असेरिया गेरेरोनिस मिळाला. कॅलिफोर्नियात तो दक्षिण अमेरिकन ‘क्वीन पाम’वरही आढळला. २००५ च्या डीएनए अभ्यासात या माइटाचे सर्वाधिक वैविध्य अमेरिकेत दिसले, तर आफ्रिका आणि आशियातील नमुने जवळजवळ एकसारखे निघाले. यावरून असे दिसते की हा माइट अमेरिकेतील स्थानिक झाडांवरून पाहुण्या नारळावर चढला आणि मग नारळाच्या मायदेशाकडे, हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर येऊन पोहोचला.

१३/
या शोधाला केवळ कुतूहलाचे मोल नाही. किडीचे नैसर्गिक शत्रू बहुधा तिच्या मूळ प्रदेशात विपुल असतात. शोध चुकीच्या देशात घेतला, तर वर्षे वाया जातात आणि बागा उजाड होतात. म्हणून नावावरून अनुमान काढणे शेतकऱ्याला महाग पडू शकते.

१४/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा धडा परिचित आहे. एखाद्या गावाचा सर्वांत जुना उल्लेख बाराव्या शतकातील शिलालेखात असला, म्हणून ते गाव बाराव्या शतकात वसले असे सिद्ध होत नाही. पहिली नोंद म्हणजे कोणीतरी प्रथम नीट पाहिले तो क्षण. कोइमतूरच्या माडावर तसे पाहिले गेले होते, म्हणूनच ऐंशी वर्षांनी मार्टिनिकला आपल्या संकटाचे नाव कळू शकले.