पेट्रोलची नळी कोणाच्या हाती?



द्वारकेच्या चौकात मुंबई-आग्रा रस्त्याला पुण्याचा रस्ता येऊन मिळतो. 2013 साली डोक्यावरून उड्डाणपूल गेला, तरी खालची गर्दी हटली नाही. या परिसरातल्या एखाद्या पंपावर आपण गाडी उभी करतो, टाकीचे झाकण उघडतो आणि एक मुलगा ‘झिरो बघा’ म्हणून नळी हातात घेतो. आपण आकड्याकडे पाहतो. मुलाकडे पाहत नाही. त्या मुलाच्या कामाचा इतिहास सांगावा म्हणून आज आम्ही उभे आहोत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा पांडित्याची अपेक्षा आपण ठेवू नये.

विलायतेत आणि अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मोटारवाला स्वतः उतरतो, स्वतः नळी धरतो आणि पैसे देऊन निघून जातो. आपल्याकडे तसे होत नाही. का होत नाही, असे विचारले म्हणजे कोणी म्हणतो, आपल्या रक्तात सेवाभाव आहे. कोणी म्हणतो, आपले लोक निष्काळजी, आग लावून बसतील. ही दोन्ही उत्तरे आम्हाला पटत नाहीत. इतिहास निराळेच सांगतो.

पंपाचा जन्म मोटारीच्याही आधीचा आहे. 1885 साली अमेरिकेतल्या फोर्ट वेन गावी सिल्व्हेनस बाउझर नावाच्या गृहस्थाने एका किराणा दुकानदाराला रॉकेल उपसण्याचा पंप विकला. त्या दुकानात रॉकेलचे पीप लोण्याच्या पिपाशेजारी होते आणि लोण्याला रॉकेलचा वास लागे, अशी हकीकत सांगतात. पुढे मोटारी आल्या आणि 1905 च्या सुमारास हाच पंप माप दाखवीत पेट्रोल देऊ लागला. म्हणजे पंपावरचा पहिला माणूस हा दुकानदाराचा नोकर होता. माप त्याच्या हाती आणि संशय गिऱ्हाइकाच्या मनात, ही जोडी तेव्हापासूनची आहे.

आपल्याकडे खनिज तेल घरोघर पोचले ते डब्यांतून. रिकामा झालेला रॉकेलचा डबा पाणी भरायला, धान्य ठेवायला आणि झोपडीचे छप्पर शाकारायलाही लागे. 1928 साली बर्मा ऑइल आणि शेल या दोन कंपन्यांनी मिळून बर्मा-शेल उभी केली. तिच्या जोडीला स्टँडर्ड व्हॅक्युम आणि कॅलटेक्स यांच्या पाट्या रस्तोरस्ती दिसू लागल्या. दुसऱ्या महायुद्धात, 1941 पासून, पेट्रोलवर रेशन आले आणि सर्व्हिस मोटारी पाठीवर कोळशाची भट्टी घेऊन चालू लागल्या. पेट्रोल मुंबईच्या दारात शुद्ध होऊ लागले ते 1954 आणि 1955 साली, तुर्भे-माहूलच्या दोन कारखान्यांमुळे. पुढे 1974 ते 1976 या काळात परदेशी कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या आणि हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम ही नावे आली.

येथे आम्हाला एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा शुद्धीकरण कारखान्यातला कामगार सरकारी कंपनीचा नोकर झाला. त्याला वेतनश्रेणी मिळाली, फंड मिळाला, युनियनला बसायला टेबल मिळाले. पंपावरचा मुलगा मात्र जिथे होता तिथेच राहिला, कारण तो कंपनीचा कधी नव्हताच; तो विक्रेत्याचा. सदरा कंपनीच्या रंगाचा, पगार विक्रेत्याच्या मर्जीचा. पाटी बदलली, त्याचे नशीब बदलले नाही.

आता अमेरिकेकडे वळू. 1947 साली लॉस एंजेलिस येथे एका पंपवाल्याने गिऱ्हाइकालाच नळी धरायला लावली आणि भाव उतरवला. लोकांची झुंबड उडाली. न्यू जर्सी राज्यात असाच एक स्वस्त पंप निघाला, तेव्हा शेजारचे पंपवाले हवालदिल झाले आणि 1949 साली तेथे स्वयंसेवेला कायद्याने बंदी झाली. कायद्यात कारण लिहिले सुरक्षिततेचे. परंतु त्यामागे रेटा होता तो व्यापाऱ्यांचा. कामगाराचे भले ओघाने झाले असेल, हेतूने नव्हे. ओरेगॉननेही 1951 साली बंदी घातली आणि ती 2023 साली उठवली. इतरत्र 1964 साली कोलोरॅडोत दुकानात बसून पंप चालू-बंद करण्याची सोय निघाली, 1973 साली तेलाचे संकट आले, आणि दोन पैसे वाचवण्यासाठी मोटारवाला आपणहून खाली उतरला.

जपानने 1998 पर्यंत वाट पाहिली. तेथे स्वयंसेवेच्या पंपावरसुद्धा एक परवानाधारक माणूस काचेआड बसलेला असतो आणि त्याने कळ दाबल्याशिवाय पेट्रोल वाहत नाही. 1994 च्या सुमारास त्या देशात 60,000 वर पंप होते. आज ते निम्म्याहून कमी आहेत. याला कमी तेलात चालणाऱ्या गाड्या वगैरे कारणे पुष्कळ आहेत, केवळ स्वयंसेवा नव्हे. ब्राझीलने उलट वाट धरली. तेथे 2000 साली स्वयंसेवेचे पंप देशभर बंद करणारा कायदा झाला आणि नळी कामगाराच्या हातात राहिली.

या साऱ्यातून आम्ही जो धडा घेतला तो असा: जेथे मजुरी महाग झाली तेथे, कायदा आड आला नाही तर, नळी गिऱ्हाइकाच्या हाती गेली, जेथे मजुरी स्वस्त राहिली तेथे ती मुलाच्या हाती राहिली. आपल्याकडचा हा ‘सेवाभाव’ स्वस्त मजुरीवर उभा आहे. शिवाय आपली बहुसंख्य गिऱ्हाइके दुचाकीवाली. पन्नास-शंभर रुपयांचे पेट्रोल घेणाऱ्यांची रांग हलती ठेवायला सराईत हात लागतो, हेही खरे.

एक स्वतःची गोष्ट सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी हमरस्त्यावरच्या एका पंपावरची मुले आमच्याकडे आली. पाळी संपताना हिशेबात तूट निघे आणि ती पगारातून कापली जाई. यंत्रावरचा आकडा पाळी बदलताना दोघांच्या सहीने लिहावा, एवढीच मागणी आम्ही केली. मालक म्हणाले, “फार बोलाल तर उद्या गिऱ्हाइकालाच भरायला लावतो.” संध्याकाळच्या सभेत आम्ही यंत्राविरुद्ध तावातावाने बोललो. सभा संपल्यावर एक मुलगा जवळ आला आणि हळूच म्हणाला, “भाऊ, हे काम माझ्या पोराने करावं असं वाटतं का तुम्हाला?” आम्हाला उत्तर देता आले नाही. पुढच्या सभेला तो आला नाही. आम्ही काम वाचवायला निघालो होतो; ते काम वाचवण्याजोगे आहे का, हे आम्ही विचारलेच नव्हते.

त्या कामात काय असते ते पाहा. दिवसभर पेट्रोलची वाफ नाकात जाते. तिच्यात बेंझिन असते आणि बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो, हे शास्त्राने सिद्ध केले आहे. भेसळीचा आणि मापाचा आळही त्याच्यावरच. आपल्या जिल्ह्यात मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. तेथेच 25 जानेवारी 2011 रोजी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळले. या धंद्यातला काळा पैसा किती निर्दय असतो, हे तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. 2017 साली उत्तर प्रदेशात आणि पाठोपाठ आपल्या ठाण्याच्या पोलिसांच्या तपासात पंपाच्या यंत्रात बसवलेल्या चिप सापडल्या. नळी धरणाऱ्या मुलाला असली चिप घडवता येत नाही. शिव्या मात्र त्याने खाल्ल्या. आणि 2020 साली टाळेबंदीत आपण घरात होतो, तेव्हा रुग्णवाहिकेत डिझेल भरायला तोच उभा होता.

आता वारा बदलला आहे. पैसे मोबाइलवरून जातात. विजेवरची गाडी मालक स्वतःच तारेला जोडतो. तेथे स्वयंसेवा कोणाला न विचारता आली. तेव्हा बंदीचा कायदा मागून आम्ही थांबणार नाही. 1980 नंतर बँकांत संगणक आले तेव्हा संघटनांनी विरोधही केला आणि शेवटी बसून करारही केला. तसेच येथे व्हावे. आमच्या मागण्या तीन आहेत. किमान वेतन कागदावर नको, हातात पडावे. 2017 साली तेल कंपन्यांनी विक्रेत्यांच्या नियमावलीत हा प्रश्न आणला तेव्हा विक्रेत्यांच्या संघटना विरोधात उभ्या राहिल्या, हे विसरू नये. दुसरे, पगारातून तूट कापणे बंद व्हावे, आणि वाफ खेचून घेणारी यंत्रे व वैद्यकीय तपासणी मिळावी. तिसरे, उद्या नळी गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची झाली, तर आज ती धरणाऱ्याला पर्यायी काम शिकवण्याचा करार आधी व्हावा. जपानी पंपावर काचेआडचा माणूस लागतोच. तो आमचा मुलगा का नसावा?

आपल्याकडे एक विनंती. मापाचा संशय आला तर मुलावर ओरडू नका. पाच लिटरचे माप मागा, तो आपला हक्क आहे. आणि मालकाला कधीतरी विचारा, की या मुलाला पगार काय देता? हा प्रश्न आम्ही विचारला तर ती युनियनबाजी ठरते. गिऱ्हाइकाने विचारला तर उत्तर द्यावे लागते.